कोन गेलं बाप्पा?

पांढरकवड्याच्या बसस्टँडवर सकाळची नागपूर गाडी अजून लागायची होती. बाकावर विशी-बाविशीचा एक पोरगा बसलेला. डोकं चकोट, भुवया विरळ, तोंडावर निळा मास्क, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली फाईल. शेजारी येऊन टेकलेल्या म्हाताऱ्यानं त्याच्याकडे निरखून पाहिलं आणि मायेनंच विचारलं, "कोन गेलं बाप्पा घरचं?" पोरगा जरा थांबला, मग म्हणाला, "आजा." म्हाताऱ्यानं मान हलवली. "वय झालं असन," म्हणाला, आणि दोघंही गाडीची वाट बघत बसले. पोराच्या हातावर मनगटापासून कोपराकडे शिरेची एक काळपट रेघ चढत गेली होती. शिरेतून केमो घेतलेल्या काहींच्या हातावर ती उमटते आणि कितीतरी महिने जात नाही. ज्याला ती रेघ ओळखता येते त्याला फाईल उघडून बघावी लागत नाही.

त्याचं ते "आजा" मनातून जात नाही. आपल्याकडे तरण्या पोराचं डोकं उतरलेलं दिसलं की घरात कुणीतरी गेलं असंच लोक धरून चालतात. तो स्वतः आजारी असेल, हे कुणाच्या ध्यानीमनी येत नाही. कॅन्सर म्हटलं की एकतर पिकल्या केसांचं माणूस डोळ्यांपुढे येतं, नाहीतर देणगीच्या फलकावरचं लेकरू. मधल्या वयाचं कुणी येत नाही. लोकांच्या मनात जी मोकळी जागा आहे तीच रुग्णालयांच्या व्यवस्थेतही आहे, आणि तिथं ती जिवावर बेतते.

डॉक्टर मंडळी या मधल्या वयाची व्याख्या साधारण १५ ते ३९ वर्षं अशी करतात. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये गेल्या काही दशकांत जेवढी सुधारणा झाली तेवढी या वयात झाली नाही, हे अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेनं २००६ सालच्या अहवालात मांडलं. त्याच्या कितीतरी आधी, १९९० मध्ये, लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात फक्त किशोरवयीनांसाठी कॅन्सरचा वेगळा वॉर्ड सुरू झाला होता. वेगळा वॉर्ड म्हणजे चैन वाटेल कुणाला. पण ल्युकेमियाचं, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरचं, उदाहरण घ्या. लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया झालेला सतरा-अठरा वर्षांचा मुलगा बालरुग्ण विभागात गेला तर त्याला लहान मुलांच्या पद्धतीचा उपचार मिळतो, मोठ्यांच्या विभागात गेला तर पूर्वी मोठ्यांच्या पद्धतीचा मिळायचा. औषधं बरीचशी तीच, पण प्रमाण आणि क्रम वेगळा. लहानांच्या पद्धतीत अ‍ॅस्पराजिनेज, व्हिन्क्रिस्टिन आणि स्टिरॉइड जास्त, वेळापत्रक अधिक कडक. या वयाच्या रुग्णांना लहानांच्या पद्धतीचा उपचार दिला तर जास्त जण वाचतात, हे आता पुरेसं स्पष्ट झालं आहे. म्हणजे केसपेपर कोणत्या खिडकीवर काढला, यावर एखाद्याचा जीव अवलंबून असू शकतो. पंढरपूरला पायी जाऊन आलेल्या आणि दवाखान्याची पायरी पहिल्यांदाच चढणाऱ्या बापाला हे कुठून माहीत असणार? ते खिडकीच्या आत बसलेल्याला माहीत असायला हवं.

खिडकीपर्यंत पोचायलाही उशीर होतो, आणि या वयात तो ठरलेल्या वाटांनी होतो. मानेला गाठ आली की आपल्याकडे आधी टीबी आठवतो. टीबी आहेही भरपूर, त्यामुळे त्यात चूक नाही. चूक होते ती गाठीचा तुकडा न तपासता सहा महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्यात. सुईनं काढलेल्या पाण्यात हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा एक कॅन्सर, निसटू शकतो, त्यासाठी अख्खी गाठ काढून तपासावी लागते. मधल्या काळात कुणी "ताकदीचं" म्हणून स्टिरॉइड दिलं तर गाठ तात्पुरती विरघळते आणि निदान आणखी लांबतं. दुसरी वाट गुडघ्याची. पंधरा-सोळा वर्षांचं पोरगं कबड्डी खेळताना पडतं, गुडघा सुजतो, मालिश होते, पट्टा बांधला जातो. पण मुका मार रात्री झोपेतून उठवत नाही आणि आठवड्यागणिक वाढत जात नाही. तसं होत असेल तर मालिश थांबवून एक साधा एक्स-रे काढावा. हाडाची गाठ दिसली तर तिचा तुकडा गावातल्या सर्जननं घेऊ नये, पुढं जो ऑपरेशन करणार आहे त्यानंच घ्यावा. चीर चुकीच्या जागी पडली की जो पाय वाचला असता तोही कापावा लागू शकतो. तिसरी वाट लाजेची. अंडकोषातली न दुखणारी गाठ पोरं महिनोन् महिने लपवतात. हा आजार पोटात, छातीत पसरल्यावरही सिस्प्लॅटिनच्या उपचारानं बरा होण्याची चांगली शक्यता असते, आणि तरी तो लपवण्यात दिवस जातात, याचं फार वाईट वाटतं.

खर्ऱ्याबद्दल थोडंच लिहितो, कारण विदर्भात त्यावर सगळेच बोलतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण खर्रा, म्हणजे पन्नीत घोटलेली सुपारी, तंबाखू आणि चुना, गावोगावी मिळतो. पंचविशीतल्या ज्या पोराच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जात नाहीत, त्याला दवाखान्यात पाठवायला आणखी कसलं लक्षण लागत नाही. ऑपरेशन आणि शेकानंतर, म्हणजे रेडिएशननंतर, जबडा पुन्हा आवळतो. त्यावर उपाय स्वस्त आहे. आईस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दाढांमध्ये धरायच्या, दिवसातून पाच-सहा वेळा, आणि सहन होईल तशी काडी वाढवत जायची. हे शिकवायला दहा मिनिटं पुरतात. पण दवाखान्यात या पोरांना काड्यांआधी बोलणी मिळतात. "तुझंच केलेलं आहे" हे ऐकून घेतलेला पोरगा पुढच्या तपासणीला येत नाही.

आता पहिला दिवस. निदान झालं, केमो ठरली, बाप शेजारी उभा, मागे तीस जणांची रांग. डॉक्टरांनी केस जातील, उलट्या होतील, एवढं सांगितलेलं असतं. पुढे मूल होईल का, हा प्रश्न कुणी काढत नाही. पोरगा बापासमोर विचारणार नाही, बाप पोरासमोर विचारणार नाही, आणि डॉक्टरांना वाटतं, यांना आत्ता जिवाचं पडलं आहे. पण या एका गोष्टीची वेळ केमोच्या पहिल्या बाटलीआधीच असते. मुलाचं वीर्य गोठवून ठेवायचं तर दोन-तीन दिवसांचा संयम पाळून नमुना द्यायचा, वेळ असेल तर दोन-तीन वेळा द्यायचा, वेळ नसेल तर त्याच दिवशी एक तरी द्यायचा. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ते वर्षानुवर्षं टिकतं. वर्षाचं शुल्क असतं, आणि ते कोण भरणार हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवलेलं बरं. मुलींचं अवघड आहे. बीजं काढायला साधारण दहा ते चौदा दिवस इंजेक्शनं लागतात, तपासण्या होतात, लग्न न झालेल्या मुलीच्या घरून त्याला नकार येतो आणि ल्युकेमिया तेवढा थांबतही नाही. दर महिन्याला इंजेक्शन देऊन अंडाशय "झोपवून" ठेवण्याचा मार्ग आहे, पण त्याची खात्री कमी. प्रत्येक औषधाचा धोका सारखा नसतो, हेही सांगायला हवं. हॉजकिनच्या एबीव्हीडी या नेहमीच्या चार औषधांच्या उपचारात वंध्यत्वाचा धोका कमी, सायक्लोफॉस्फामाइड किंवा आयफॉस्फामाइडच्या मोठ्या मात्रेत जास्त, ओटीपोटाला शेक दिला तर त्याहून जास्त.

हे बोलणं कसं करायचं, याची एक साधी रीत आहे. बापाला आरोग्यमित्राच्या टेबलावर कागद द्यायला पाठवायचं. महात्मा फुले योजनेसाठी आधार आणि रेशनकार्डाच्या झेरॉक्स द्यायच्याच असतात, आणि तिथं अर्धा तास सहज जातो. तेवढ्या वेळात एका नर्सनं पोराला, किंवा पोरीला, बाजूच्या खोलीत बसवायचं आणि सरळ विचारायचं. लग्न ठरलंय का, झालंय का, संबंध आहेत का, पाळी चुकलीय का. पाळी सुरू झालेल्या प्रत्येक मुलीची पहिल्या डोसाआधी गर्भधारणेची चाचणी करायची. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट पेशी घसरल्यावर पाळीत रक्तस्राव थांबत नाही, तेव्हा उपचाराच्या त्या टप्प्यात पाळी थांबवण्याच्या गोळ्या आधीच सुरू करता येतात. पण पाळीचा विषय आधी निघायला हवा. बारा रुग्णांच्या वॉर्डात, पुरुष डॉक्टरांच्या राऊंडमध्ये, एकोणीस वर्षांची मुलगी "मले लय जातंय" असं कशी म्हणेल?

मग ती मुलं गावी जातात. खरा उपचार तिथं होतो, आणि बिघडतो तोही तिथंच.

केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी तळाला जातात. या दिवसांत १००.४ फॅरनहाइट ताप म्हणजे घाईची वेळ. काखेत मोजलं तर तोंडापेक्षा अर्धा ते एक अंश कमी दाखवतं, म्हणून काखेत शंभर आला तरी आकड्यावर विसंबून बसायचं नाही. दवाखान्यात पोचल्यापासून तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. गावात काय होतं? आधी पॅरासिटामॉल, त्यानं ताप दबतो आणि रात्र निघून जाते. सकाळी गावातले डॉक्टर कमरेत एक इंजेक्शन देतात, त्यात बहुतेक डेक्सा हे स्टिरॉइड असतं. पोराला तरतरी येते, घरचे निश्चिंत होतात. प्लेटलेट कमी असतील तर कमरेत रक्त साकळतं, आणि स्टिरॉइडखाली जंतुसंसर्ग दबून वाढत राहतो. तिसऱ्या दिवशी रक्तदाब खाली गेलेला पोरगा १०८ मध्ये घालून निघतो आणि हिंगणघाटच्या पुढे जाईपर्यंत हातातून गेलेला असतो. गावातल्या डॉक्टरांना दोष देऊन उपयोग नाही. रात्री दोन वाजता दार उघडणारा तोच एक माणूस असतो, आणि त्याच्या हातात कुणी काही दिलेलंच नसतं. द्यायचा तो एक कागद आहे, मराठीत, मोठ्या अक्षरात, फाईलच्या पहिल्या पानावर चिकटवलेला: या रुग्णाची केमो चालू आहे, शेवटचा डोस अमुक तारखेला झाला. ताप असेल तर कमरेत इंजेक्शन देऊ नका, स्टिरॉइड देऊ नका, गुदद्वारातून तापमान घेऊ नका. शिरेतून हे अँटिबायोटिक या मात्रेत लगेच द्या, सलाईन लावा, या नंबरवर फोन करा आणि पाठवा. औषधाचं नाव आणि मात्रा आधीच छापलेली हवी. त्या रात्री पुस्तक उघडायला कुणाला सवड नसते.

पेशी वाढवायच्या फिलग्रास्टिमच्या इंजेक्शनांचंही असंच. केमो संपल्यावर २४ तास गेल्याशिवाय ती द्यायची नसतात, म्हणजे रुग्ण गावी पोचल्यावर. दोन ते आठ अंशांत ठेवायची, गोठवायची नाहीत. लोक थर्मासात बर्फावरच ठेवतात, आणि गोठलं तर औषध बिघडू शकतं. मधे कापड किंवा कागदाचा थर हवा, आणि घरी फ्रीजच्या मधल्या कप्प्यात ठेवायचं. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत एसटीच्या खिडकीशी पिशवी लटकवली तर ते औषध वाटेतच बिघडू शकतं. आणि विदर्भात त्याआधीची एक गोष्ट विसरून चालणार नाही, ती म्हणजे सिकलसेल, रक्ताचा आनुवंशिक आजार. ज्याला सिकलसेल आहे त्याला हे इंजेक्शन दिलं तर जिवावर बेतणारा क्रायसिस येऊ शकतो. बाहेरदेशीच्या पुस्तकातली यादी जशीच्या तशी इथं आणून भागत नाही, ते यासाठीच. गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर, यवतमाळकडच्या मुलांच्या पहिल्या रक्ततपासणीतच सिकलची चाचणी असायला हवी.

ल्युकेमियाच्या शेवटच्या टप्प्यात दोनेक वर्षं गोळ्या घ्याव्या लागतात. मर्कॅप्टोप्युरिन रोज, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा. मेथोट्रेक्सेटची गोळी अडीच मिलिग्रॅमची. एखाद्याला आठवड्याला तीस मिलिग्रॅम बसत असेल तर एका वेळी बारा पिवळ्या गोळ्या. इथं दोन चुका होतात. "एवढ्या गोळ्या एकदम कशा घ्यायच्या" म्हणून त्या रोज दोन-दोन अशा वाटून घेतल्या जातात, किंवा बाराच्या बारा रोज घेतल्या जातात. दुसऱ्या चुकीत आठवड्याच्या आत तोंड सोलून निघतं, पेशी कोसळतात, आणि ल्युकोव्होरिन हा त्यावरचा उतारा वेळेत मिळाला नाही तर माणूस जातो. यावर बाजाराचा दिवस धरायचा. प्रत्येक गावाला, नाहीतर शेजारच्या मोठ्या गावाला, आठवडी बाजार असतोच. गुरुवार असो की रविवार, तो दिवस घरातल्या शाळा न शिकलेल्या आजीलाही पाठ असतो. पाकिटावर "बाजाराच्या रात्री, बारा गोळ्या, एकदाच" असं लिहिलं की आजीच राखण करते. रोजच्या गोळीचं मात्र आजीच्या हातात नसतं. सहा वर्षांच्या लेकराला आई गोळी भरवते. वीस वर्षांचा पोरगा "घेतली" म्हणतो आणि वावरात निघून जातो. शंभरातल्या पाचपेक्षा जास्त गोळ्या चुकल्या तर आजार उलटण्याचा धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या मुलांवरच्या अभ्यासात दिसलं आहे. पाच म्हणजे महिन्यातून दीड गोळी.

उपचार अर्धवट सुटतो तेव्हा लोक "अडाणीपणा" म्हणून मोकळे होतात. तसं नसतं. हॉजकिन पसरलेला असेल तर दर पंधरा दिवसांनी एक असे बारा डोस, म्हणजे सहा महिने. दुसऱ्या-तिसऱ्या डोसातच मानेची गाठ दिसेनाशी होते, ताप जातो, भूक लागते. तेवढ्यात मृग लागतो. घरात पेरणीला दोन हात कमी असतात आणि एक जण बरा दिसत असतो. मग "पेरणी झाली की जाऊ". पेरणीनंतर डवरणी, मग फवारणी, मग सोयाबीन. दिवाळीत गाठ परत येते, आणि आता तेच औषध पहिल्यासारखं काम करत नाही. हे पहिल्याच दिवशी कॅलेंडर समोर ठेवून बोलता येतं. तुमची पेरणी कधी, पऱ्हाटीची वेचणी कधी, त्या आठवड्यात सोबतीला कोण येईल. डोस दोन दिवस पुढं-मागं करणं हे तीन महिने गायब होण्यापेक्षा कधीही बरं. पैशाचंही तसंच. उपचाराचा खर्च योजनेत बसतो, पण सोबत आलेल्याची बुडालेली मजुरी कोणत्याच पॅकेजमध्ये नसते. संजय गांधी निराधार योजनेत कॅन्सरचे रुग्ण बसतात, अर्ज तहसीलला करायचा असतो, आणि हे बहुतेकांना उपचार संपल्यावर कळतं. मुंबईला टाटाला जावं लागलं तर रेल्वेत रुग्णाला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट पूर्ण माफ असतं, सोबत्याला पंचाहत्तर टक्के. त्यासाठी दवाखान्याच्या सही-शिक्क्याचा रेल्वेचा छापील नमुना लागतो, आणि तो वर्ध्याच्या तिकीट खिडकीवर पोचायच्या आधी भरलेला हवा.

एवढं सगळं कुणी सांभाळायचं? बाहेरच्या देशांतल्या रुग्णालयांनी तरुणांसाठी जे कार्यक्रम उभे केले त्यात नवीन यंत्रं फारशी नाहीत. मुख्य म्हणजे एक ठरावीक नर्स असते, जिला रुग्णाचं नाव, शाळा, नोकरी, आजाराचा टप्पा सगळं तोंडपाठ असतं, आणि तो चुकला की ती फोन करते. विदर्भात नेमकं हेच पद आधी हवं. बांधकाम नंतर करा. एक नर्स, एक फोन, एक वही. वहीत तीन नंबर घ्यायचे: त्याचा, घरच्याचा आणि गावातल्या आशाताईंचा, कारण तरण्या पोरांची सिमकार्डं रिचार्जच्या ऑफरप्रमाणे बदलतात. ठरलेल्या दिवशी आला नाही तर त्याच संध्याकाळी फोन, तिसऱ्या दिवशी आशाताईंना. आणि पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरानं "सोळाशे मीटर पळता येईन का आता?" असं विचारलं तर त्याला हसून टाळायचं नाही. केमोतल्या ब्लिओमायसिननं फुप्फुसांवर आणि अ‍ॅड्रियामायसिननं हृदयावर काय परिणाम झाला हे तपासूनच त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं, आणि त्याच्यासाठी तोच मोठा प्रश्न असतो. वयाची मर्यादा उपचाराच्या वर्षांसाठी थांबत नाही.

उपचार संपला की फाईल ट्रंकेच्या तळाशी जाते. मुलीची असेल तर नक्कीच, कारण स्थळं यायला लागतात. लपवणाऱ्या आई-बापांना काय म्हणायचं? त्यांना पोरगी नांदवायची असते. पण पाच-सात वर्षांनी ती गरोदर राहते, ग्रामीण रुग्णालयात नाव घालते, आणि "मागे काही आजार?" याला "नाही" म्हणते. सहाव्या-सातव्या महिन्यात दम लागायला लागतो. सगळे म्हणतात, पोट वाढलंय म्हणून. अ‍ॅड्रियामायसिन घेतलेलं हृदय गरोदरपणाच्या वाढत्या भारानं दमू शकतं, हे तिथल्या डॉक्टरांना माहीत असतं. ते औषध तिला दिलेलं होतं, हे माहीत नसतं. म्हणून शेवटच्या दिवशी फाईलखेरीज एक वेगळं पान द्यावं, पोस्टकार्डाएवढं, पाकिटात मावणारं. त्यावर आजार, उपचाराची वर्षं, अ‍ॅड्रियामायसिनची एकूण मात्रा, ब्लिओमायसिन दिलं की नाही, शेक कुठं आणि किती दिला एवढंच. छातीला शेक घेतलेल्या मुलीनं पंचविशीपासून, किंवा शेकानंतर आठ वर्षांनी, यात जे नंतर येईल तेव्हापासून स्तनांची तपासणी सुरू करायची, हेही. ते पान आई-बापाच्या नाही, तिच्या हातात द्यावं. आणि तिला एकटीला सांगावं, की सासरी दाखवायचं की नाही ते तू ठरव. पण दिवस राहिले की पहिल्या तीन महिन्यांत हृदयाची सोनोग्राफी करून घे, आणि भूल द्यायची वेळ आली तर हे पान आधी डॉक्टरांच्या हातात दे.